पोती भरली, पुढे काय?

गेल्या मे महिन्यात तालुक्याच्या गावी एका बैठकीला बसलो होतो. विषय दरसालचाच, समुद्रात सांडलेल्या तेलाचे किनाऱ्यावर येऊन पडणारे डांबरासारखे गोळे. एक उत्साही गृहस्थ गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक घेऊन आले होते. त्यावर तेलकट कचरा जाळण्याची छोटी भट्टी: एक पिंप, पिंपावर झाकण, झाकणाला हवा फुंकणारे दोन पंखे, मागे निळंशार आकाश आणि धुराचा मागमूस नाही. "प्रत्येक किनारी पंचायतीला हे एकेक द्या, गोळे आले की जाळा, विषय मिटला," असं त्यांचं म्हणणं. समोर पर्यावरणाचं काम करणारी एक तरुण मुलगी, चांगली वाचून-सवरून आलेली. तिचं म्हणणं, तेल जाळणं म्हणजे पाण्यातलं विष उचलून हवेत सोडणं. एकही भट्टी या किनाऱ्यावर येऊ देणार नाही. पुढचे दोन तास हीच दोन वाक्यं आवाज चढवून परत परत म्हटली गेली. चहा दोनदा आला. कोपऱ्यात ग्रामसेवक मधूनमधून हात वर करत होता, त्याच्याकडे नंतर येऊ. अखेर 'सर्व बाजूंचा विचार व्हावा' असं काहीसं लिहून बैठक उठली.

विचार झाला नव्हताच, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो. गळतीनंतर गोळा केलेलं तेलकट जिन्नस जाळण्याची फिरती भट्टी आपल्याकडे असायला हवी. मात्र ती मोजकी असावी, पंचायतीच्या ताब्यात नसावी, आणि जो माल रस्त्याने नीट ठिकाणी पोहोचवता येत नाही तेवढ्यासाठीच पेटावी. भट्टीवाले भट्टीची तुलना तिच्या माहितीपत्रकाशी करतात. भट्टीविरोधक तिची तुलना एका आदर्श व्यवस्थेशी करतात, जी आमच्या तालुक्यात तरी मी कधी पाहिलेली नाही. भट्टी नसली तर त्या मालाचं प्रत्यक्षात काय होतं, हे दोघांनीही विचारलं नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. 'तेल जाळणं' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते समुद्राच्या पाण्यावर पेटलेलं तेल. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या यंत्रणेखालची तेलविहीर फुटली तेव्हा आग सोसणारे तरंगते पट्टे लावून, त्यांत तवंग ओढून, ४११ वेळा अशा आगी लावल्या गेल्या. दोन ते तीन लाख पिंपं तेल त्यांत संपलं, तरी ते एकूण गळतीच्या पाच टक्क्यांच्या आसपासच होतं. त्याआधी १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डीझ ही तेलवाहू बोट खडकावर चढली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी प्रयोग म्हणून पंधरा ते तीस हजार गॅलन तेल पेटवलं गेलं. मागे राहिलं ते साधारण तीनशे गॅलन डांबरासारखा अवशेष. मग वादळ आलं, तेलात पाणी घुसळलं गेलं आणि पुन्हा ते पेटण्याजोगं उरलंच नाही. पाण्यावरच्या आगीचं गणित हे असं आहे. तवंग निदान दोन-तीन मिलिमीटर जाड हवा, तेल ताजं हवं, समुद्र शांत हवा. आमच्याकडे तेल येतं ते पावसाच्या तोंडावर, उधाणाच्या लाटांतून, आठवडेच्या आठवडे घुसळून निघालेलं. तेव्हा समुद्रावर आग लावायची की नाही हा प्रश्न इथे नाहीच. प्रश्न आहे तो फावड्या-घमेल्याने उचलून पोत्यात भरलेल्या मालाचा.

हा माल समुद्रात सांडला त्यापेक्षा किती तरी पटींनी जास्त होऊन हातात येतो, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. तेलात समुद्राचं पाणी मिसळून त्याचं चॉकलेटी लोण्यासारखं घट्ट मिश्रण होतं. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. मग त्याला वाळू लागते, शेवाळ लागतं, जाळ्यांचे तुकडे, चपला, बाटल्या, झावळ्या लागतात. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापाशी एरिका हे जहाज मधोमध तुटलं. तेल सांडलं सुमारे वीस हजार टन. किनाऱ्यावरून उचललेला कचरा भरला दोन लाख टनांच्या घरात. किनारे स्वच्छ दिसू लागल्यावरही त्या ढिगाऱ्याची विल्हेवाट लावण्याचं काम काही वर्षं चाललं होतं. आणि विल्हेवाट लावलीच नाही तर काय होतं, ते पाहायचं असेल तर इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या ग्वेर्नसी या बेटाकडे पाहावं. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी खडकावर आपटलं. ब्रिटिश सरकारने त्यावर विमानांतून बॉम्ब टाकले, पेट्रोल ओतलं, नापाम हे चिकटून जळणारं इंधनही टाकलं. या धडाकेबाज भागाच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. ग्वेर्नसीच्या लोकांनी मात्र आपल्या किनाऱ्यावर आलेलं तेल टँकरांत भरलं आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीत नेऊन ओतलं. तात्पुरतं, अर्थातच. चाळीस वर्षांनंतरही ते तेल त्या खाणीत होतं आणि त्यात पक्षी अडकून मरत होते. ज्यांनी ते ओतलं त्यांची नातवंडं नोकरीला लागली तरी 'तात्पुरतं' संपलं नव्हतं.

आपली गोष्ट वेगळी नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रातून सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, खाड्यांतली कांदळवनं काळी पडली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॅक कॅरिअर कोळशासकट बुडालं आणि जुहूच्या वाळूवर तेल आलं. चित्राच्या अपघातानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, तटरक्षक दलाचं 'समुद्र प्रहरी' हे खास प्रदूषण निवारणासाठी बांधलेलं जहाज दाखल झालं; पुढे त्याची भावंडंही आली. म्हणजे समुद्रातलं तेल उचलण्याची आपली तयारी वाढली, हे मान्य करायलाच हवं. पण तेलगळतीच्या राष्ट्रीय आराखड्यात किनाऱ्याची सफाई राज्याच्या आणि पर्यायाने जिल्ह्याच्या गळ्यात आहे, आणि जिल्हा ती पंचायतीच्या गळ्यात टाकतो. तेल उचलणाऱ्या बोटीला नाव आहे, नंबर आहे, कप्तान आहे. किनाऱ्यावर भरलेल्या पोत्याला यातलं काहीच नाही.

त्या पोत्याचं काय होतं, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मेच्या शेवटी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला की पुळणीवर भरतीच्या रेषेत काळे गोळे दिसू लागतात. कधी वाटाण्याएवढे, कधी भाकरीएवढे, वरून वाळू लागून वड्यासारखे घोळलेले. अनवाणी चाललात तर टाचेला चिकटतात आणि घरात लादीवर उमटतात. पूर्वी दारात रॉकेलची बाटली आणि चिंधी ठेवलेली असायची. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेल आलं. खोबरेलानेही निघतं, पण त्यासाठी खोबरेल द्यायला आमची काकू कधीच तयार नव्हती. रापणीच्या दोराला हे लागलं की दोर धरणाऱ्या तीस माणसांच्या तळव्यांना लागतं. मग एखाद्या वर्षी मोहीम निघते. शाळेची पोरं, बचतगटाच्या बाया, बातमीपुरता फोटो, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेले गोळे. ती पोती सुरूच्या बनात रचून ठेवतात. दुपारच्या उन्हात आतलं डांबर पातळ होतं, पोत्याच्या विणीतून पाझरतं आणि खाली सुरूच्या काड्यांवर पसरतं. आठ-पंधरा दिवसांत एक तर कोणी तरी खड्डा खणून पोती पुरतं, ती वाळू पहिल्याच मोठ्या उधाणात उघडी पडते आणि तेच गोळे पुढच्या गावाच्या किनाऱ्याला लागतात. नाहीतर एखाद्या संध्याकाळी पातेरा घालून कोणी तरी काडी लावतं. काळाकुट्ट, खाली बसणारा, घशाला धरणारा तो धूर. एका वर्षी काकूने अंगणात वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांवर काजळीचे ठिपके बसले आणि सगळी ताटं तिने गोठ्यामागे ओतली. कोणी जाळलं म्हणून विचारलं तर कोणीच नाही. परवानगी कोणी घेतली नव्हती, वजन कोणी केलं नव्हतं, आत काय होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भट्टीशी तुलना करायची ती या संध्याकाळच्या आगीची.

आता विरोधकांचं जे सर्वांत भक्कम आहे ते घेऊ. पहिलं, धूर. जहाजांचं इंधन हे तेलशुद्धीनंतर उरलेला तळचा गाळ असतो. २०२० च्या जानेवारीपासून त्यातल्या गंधकाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली, त्याआधी साडेतीन टक्के चालत असे आणि २०१० साली त्याहूनही जास्त. तीन टक्के गंधक धरलं, तर ८०० टन इंधन जाळल्यावर नुसता सल्फर डायऑक्साइडच ४८ टन बाहेर पडेल. शिवाय त्यात व्हॅनेडियम, निकेल असतं, ते राखेत उतरतं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ असतं, आणि मिठातलं क्लोरिन अर्धवट जळणाऱ्या तेलाबरोबर आलं की डायॉक्सिन या अतिविषारी रसायनांचा धोका असतो. पोतं प्लास्टिकचं असेल तर भर वेगळी. म्हणूनच घातक कचऱ्याच्या सामायिक, म्हणजे अनेक कारखान्यांसाठी मिळून असलेल्या, भट्टीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, वायू तिथे निदान दोन सेकंद थांबेल अशी रचना आणि किमान ३० मीटर उंच चिमणी घातली आहे. पिंपावरच्या झाकणाला ३० मीटरची चिमणी कुठून आणणार? हा मुद्दा खोडता येत नाही आणि खोडायचा प्रयत्नही मी करणार नाही. फिरती भट्टी सामायिक भट्टीची बरोबरी करू शकत नाही.

पण काळा धूर होतो कशाने? हवा कमी पडल्याने. खड्ड्यातल्या आगीत खालच्या थराला हवा मिळत नाही, तेल जळण्याऐवजी भाजतं, आणि त्या न जळलेल्या कर्बाची काजळी होते. पंख्याने पिंपात वरून आणि कडेने जोराची हवा फिरवली की ज्योत आतच राहते, तापमान चढतं आणि काजळी तिथेच जळून जाते. जादू यात काही नाही. लोहाराचा भाता हेच करतो. यातून गंधक नाहीसं होत नाही, पण काजळी आणि अर्धवट जळलेले पदार्थ यांत मोठा फरक पडतो. आणि शेजारच्या घराला, दम्याच्या म्हाताऱ्याला, वाळत घातलेल्या साठांना जो त्रास होतो तो मुख्यतः काजळीचाच असतो. 'जाळू नका' असं म्हणून आग थांबत असती तर मीही तेच म्हटलं असतं. मुंबईत देवनारच्या कचऱ्याला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवा. जाळायचा निर्णय कोणीही घेतला नव्हता, तरीही ढीग पेटला, शहरावर दिवसेंदिवस धूर राहिला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रात तो पट्टा दिसला. ढीग साठू दिला की आग कधी लावायची हे आपल्या हातात राहत नाही.

शिवाय सगळं जाळा असं म्हणतंय कोण? पातळ तेल जे पंपाने ओढता येतं, ते जाळणं हा शुद्ध करंटेपणा आहे. ते माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणी किंवा वापरलेल्या तेलावर प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवं, आणि मुंबई-उरणच्या पट्ट्यात ते शक्यही आहे. वाळूत कालवलेले गोळे जाळणं हा दुसरा मूर्खपणा, कारण वाळू जळत नाही. पिंपात तळाला काचेसारखी ढेप बसते आणि हवा कोंडते. ते आधी चाळावे लागतात. कांदळवनात आणि खाजणात साचलेल्याला तर फावडंही लावू नये, तिथे माणसांच्या पायांनीच तेल आणखी खोल चिखलात दाबलं जातं. चित्राच्या वेळी टेरी या संस्थेने तयार केलेले तेल खाणारे जिवाणू वापरले गेले. त्या पद्धतीला वेळ लागतो, पण जिथे वेळ आहे आणि जागा आहे तिथे ती आगीपेक्षा बरी. भट्टीच्या वाट्याला मग उरतं काय? तेलाने भिजलेली शोषक कापडं, गवताचे आणि पेंढ्याचे पट्टे, ओंडके, शेवाळ, नायलॉन वेचून काढलेली कापडी चिरगुटं, हातमोजे. आकाराने प्रचंड, कुठल्याही कारखान्याला नकोसं, आणि ठेवलं की पाझरणारं. २०२० साली मॉरिशसच्या किनाऱ्यावर वाकाशिओ जहाजातून तेल आलं, तेव्हा तिथल्या लोकांनी, ज्यांत आपल्या मराठी मंडळींच्या पिढ्या नांदताहेत, उसाचा पाचोळा कापडी पिशव्यांत भरून हाताने बांध शिवले. सगळ्या जगाने त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण तेल पिऊन काळाठिक्कर झालेला तो प्रत्येक बांध दुसऱ्या दिवशी कचरा असतो, आणि कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी तो न्यायला येत नाही.

दुसरा आक्षेप अंतराचा, म्हणजे खरं तर रस्त्याचा. तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, चंद्रपूरकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. सिमेंटच्या भट्टीत माल चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापतो, त्यात तेलकट कचरा इंधन म्हणून जातो आणि राखही क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या खड्यांत, मिसळून जाते. याहून चांगला शेवट या मालाला दुसरा नाही. मग तिकडेच का नेऊ नये? न्यावा. उरणला गळती झाली तर तळोजा तासाभरावर आहे; तिथे फिरती भट्टी आणणाऱ्याला मी स्वतः विरोध करीन. पण देवगड-वेंगुर्ल्याकडून तळोजा चारशे किलोमीटरच्या आसपास आणि चंद्रपूर त्याच्या दुपटीहून लांब. जूनमध्ये, घाटातून, पाझरणारी पोती घेऊन, घातक मालाचा परवाना असलेली गाडी शोधून, मॅनिफेस्ट, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा कागद, भरून. पोती कोणाची, हा रकाना त्या कागदावर असतो. समुद्रातून आलेल्या बेवारस गोळ्यांच्या बाबतीत तिथे कोणाचं नाव लिहायचं? घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये असा २०१६ चा नियम आहे. तो कारखानदारासाठी लिहिला आहे. समुद्राला ९० दिवसांची नोटीस कोण बजावणार?

आणि कोकण तरी जमिनीला जोडलेलं आहे. लक्षद्वीपचा विचार करा. आखातातून पूर्वेकडे जाणारी तेलवाहू जहाजं मिनिकॉयच्या उत्तरेच्या नाइन डिग्री चॅनलमधून जातात. कवरत्तीपासून कोची चारशे किलोमीटर समुद्रापलीकडे. बेटाची रुंदी काही ठिकाणी अशी की एका किनाऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्या किनाऱ्यावर ऐकू जावी, जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर, आणि पावसाळ्यात लहान नौकांना समुद्र बंद. तिथे तेलाची पोती पुरायची कुठे? २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीपासून ३८ सागरी मैलांवर बुडालं, पोटात ३६७ टन फर्नेस ऑइल आणि वर ६४० कंटेनर घेऊन. ते केरळच्या दारात घडलं, म्हणून जहाजं, माणसं, रस्ते, बंदर सगळं हाताशी होतं. तेच बेटाजवळ घडलं असतं तर? फिरत्या भट्टीची कल्पनाच अशा जागांसाठी पुढे आली. आर्क्टिकमध्ये तेल शोधायला निघालेल्या अमेरिका-कॅनडाला हाच प्रश्न पडला होता: जिथे रस्ता नाही तिथे गोळा केलेल्याचं करायचं काय? विमानाने नेता येईल अशा यंत्रांवर त्यांनी डोकं चालवलं ते शौक म्हणून नव्हे. कोकणासाठी भट्टी ही सोय आहे की चैन, यावर वाद होऊ शकतो. लक्षद्वीप-अंदमानसाठी मात्र मला वादाला जागा दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करतो, आणि गंमत म्हणजे बैठकीत तो कोणी मांडलाच नाही. छोट्या भट्ट्यांचा आपला अनुभव वाईट आहे. १९९८ साली वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि गावोगावच्या इस्पितळांनी मागच्या अंगणात भट्ट्या बांधल्या. कागदावर त्यांचं तापमान ठरलेलं होतं. प्रत्यक्षात डिझेल वाचवायचं म्हणून त्या अर्धवट तापवायच्या, चिमणी गच्चीच्याही खाली, चालवणारा वॉर्डबॉय, नोंदवही महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत भरलेली. शेवटी धोरणच उलटं फिरवून सामायिक केंद्रांकडे जावं लागलं. मग पुन्हा त्याच वाटेने का जायचं? किनाऱ्यावरच्या पिंपाचं दहा वर्षांनी हेच होणार नाही कशावरून?

'प्रत्येक पंचायतीला एक' असं केलं, तर नक्की हेच होईल. पंख्याची मोटर खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत गंजेल, तिसऱ्या वर्षी पिंपात गावातलं प्लास्टिक जळू लागेल. इस्पितळाची भट्टी बिघडली कारण ती रोजची होती, एकाच जागी होती, आणि तिच्यावर देखरेख करणारा व तिचा खर्च सोसणारा माणूस एकच होता. म्हणून फिरती भट्टी खरोखर फिरती असायला हवी. ती आणणारे आणि परत नेणारे हात गावाबाहेरचे हवेत: तटरक्षक दल किंवा एखादं मोठं बंदर, ज्यांच्याकडे यंत्र राखणारी माणसं आहेत आणि वर्षातून सरावाच्या दिवशी ते चालवून पाहण्याची शिस्त आहे. पेटवण्याचा हुकूम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने त्या ठिकाणी उभं राहून द्यावा, वारा समुद्राकडे असताना. मेच्या दुपारी कोकणात तो जमिनीकडे असतो, पहाटे उलटा. हे कुठल्याही तांडेलाला विचारलं तरी कळेल, त्यासाठी समिती नको. आणि भट्टी पेटली तशी विझून गावातून गेलीही पाहिजे, राख घेऊन. राख घातक आहेच, पण ती पिंपभर असते, गाडीभर नसते. तळोज्याला न्यायची तर तिलाच न्यावी.

आणखी एक शंका त्या मुलीने जाता जाता बोलून दाखवली, आणि ती फार मोलाची होती: जाळलं म्हणजे पुरावाही जळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून दाखवली आहे. बोटांच्या ठशांसारखी, त्यावरून मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे आणि समुद्रात टाक्या धुणाऱ्या जहाजांकडे बोट दाखवता येतं. झटपट जाळण्याची सोय झाली तर गुन्हेगाराचं फावेल, हे अगदी खरं. पण नमुन्याला किती लागतं? एक बरणी. उरलेली पोती सुरूच्या बनात पाझरत ठेवल्याने आजवर एकाही जहाजावर खटला भक्कम झाल्याचं मला माहीत नाही. उलट भट्टीच्या तोंडाशी वजनकाटा ठेवला, आत जाणाऱ्या प्रत्येक पोत्याचं वजन, जागा, तारीख लिहिली आणि बरणी सीलबंद केली, तर नुकसानभरपाई मागताना पहिल्यांदाच हातात आकडा असेल. पोरांनी हौसेने वेचलेल्या आणि रातोरात नाहीशा झालेल्या गोळ्यांचा दावा कोणत्या कोर्टात लावणार?

भट्टीवाल्या गृहस्थांनाही मोकळं सोडता येत नाही. त्यांच्या पिंपासारखं यंत्र तासाला वीसेक किलो माल जाळतं. दिवसाचे दहा तास धरले तर दोनशे किलो. शंभर टन माल असेल तर एका पिंपाला पाचशे दिवस लागतील, आणि चित्राइतकं तेल असेल तर चार हजार दिवस, म्हणजे अकरा वर्षं. त्यात पाऊस, पाणी मुरलेला माल तडतडून विझणं आणि जनरेटरचं डिझेल मी धरलेलंच नाही. दहा पिंपं लावा, तरी एक वर्षाहून जास्त. मोठ्या गळतीवर हा उपाय नाही, तिथे ट्रक, टँकर, कारखाना हेच लागतं. विहिरींच्या चाचणीत वापरतात तसे तेलाचा फवारा करून जाळणारे मोठे बर्नर आहेत; पण त्यांना पातळ, गाळलेलं तेल लागतं, आणि तसं तेल हातात असेल तर ते विकावं, जाळू नये. माहितीपत्रकावर हे लिहिलेलं नव्हतं. दोन-पाच टनांची, आडवाटेच्या किनाऱ्यावरची, भिजल्या चिंध्यांची आणि झावळ्यांची भानगड, एवढाच त्या पिंपाचा घास. दरसालच्या गोळ्यांच्या मोहिमेनंतर जे चाळून उरतं, ते नेमकं याच मापाचं असतं.

आता ग्रामसेवक. बैठक उठल्यावर दोन्ही पक्ष जिन्यात भांडत उतरत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला. त्याला एवढंच विचारायचं होतं की मागच्या आठवड्यात मोहिमेत भरलेली छत्तीस पोती कुठे ठेवू? पंचायतीच्या गोडाऊनचे पत्रे वादळात उडाले ते अजून बसले नाहीत, शाळा जूनमध्ये उघडते, आणि ज्यांच्या सुरूच्या बनात ती आत्ता आहेत ते म्हणताहेत रविवारपर्यंत उचला. मी त्याला तळोज्याचं नाव सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि गाडीचं भाडं कुठल्या हेडखाली टाकायचं, असं विचारलं.